बेटावरचा एकटीचा दिवस

आमच्या घरात माझ्या दम्याला दमा असं कुणी म्हणत नसे. आई त्याला ‘तिचं ते’ म्हणायची. “तिचं ते परत सुरू झालंय का बघा हो,” असं ती स्वयंपाकघरातून सांगायची आणि बाबा येऊन माझ्या पाठीला कान लावून ऐकायचे. मी पंधरा वर्षांची झाले तरी ते पाठीला कान लावत, आणि मला त्याची लाज वाटे. इन्हेलरला आम्ही पंप म्हणायचो. एक माझ्या दप्तरात, एक आईच्या पर्समध्ये आणि एक टीव्हीखालच्या खणात, मेणबत्त्यांच्या शेजारी. दोन वर्षांत मला मोठा त्रास झालेला नव्हता. पावसाळी, कोंदट हवेत कधीतरी छातीत शिट्टी वाजायची, दोन पफ घेतले की थांबायची.

तोआ पायोहला अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आईच्या कढीपत्त्याची आणि तुळशीची कुंडी, आणि त्यांच्या पुढे आमची चपलांची मांडणी. शनिवारी दुपारी शेजारच्या घरातून माजाँगच्या सोंगट्या घुसळल्याचा आवाज येई, खाली रद्दीवाला त्याचा भोंगा वाजवत फिरे, आणि आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या. आई कायलानची भाजी आपल्या पालेभाजीसारखी लसूण-मिरची घालून परतायची आणि भाकरीबरोबर वाढायची. थालीपीठ लावताना तिच्या बांगड्या तव्याच्या कडेला लागायच्या. बाबांना रविवारी सकाळी खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी प्यायला आवडे. येताना ते माझ्यासाठी नारळाचा गोड जॅम लावलेला काया टोस्ट आणत आणि तो मऊ पडू नये म्हणून पिशवीचं तोंड उघडं धरून अकरा मजले वर येत.

बाबा एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत. पुण्याहून इथे परदेशात आले तेव्हा मी चार वर्षांची होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, पायात पट्ट्यांच्या चामडी सँडल, आणि टॅक्सीवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ‘बॉस’ म्हणायची सवय. पालकसभेला ते डायरी घेऊन येत आणि शिक्षक बोलतील ते लिहून घेत. माझ्या मैत्रिणींनी त्यांचं नाव ‘डायरी अंकल’ ठेवलं होतं. त्या हसल्या की मीही हसायचे. खरं सांगायचं तर त्यांची नक्कल सगळ्यांत चांगली मलाच जमायची, आणि कँटीनमध्ये मागणी आली की मी ती करून दाखवायचे. घरी बाबा मराठीत विचारत आणि मी इंग्रजीत उत्तर देई. “जेवलीस का?” “एट ऑलरेडी लाह.” इथले लोक वाक्याच्या शेवटी लावतात ते ‘लाह’ त्यांना गमतीचं वाटे. तेही कधी मुद्दाम लावून बघत, चुकीच्या जागी, आणि मी दार लावून घेई.

आमच्या शाळेत विद्यार्थी-प्रमुख व्हायचं तर उबिन बेटावरचा चार दिवसांचा कॅम्प करावा लागे आणि त्यातला तिसरा दिवस सोलोचा असे. जंगलात प्रत्येकाला एक जागा द्यायची, भोवती प्लॅस्टिकच्या लाल दोरीचं रिंगण, आणि सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत त्यातून बाहेर पडायचं नाही. एक ताडपत्री, दोन बाटल्या पाणी, बिस्किटांचा पुडा, गळ्यात शिट्टी आणि लिहायला वही. बोलायला कुणी नाही. वरच्या वर्गातली मुलं तो दिवस करून आली की वेगळी चालत, असं आम्हाला वाटे. कॅम्पहून आल्यावर त्यांना शाळेच्या रंगाची एक दोरी मिळे, ती दोरी मुलं मनगटाला बांधत आणि विटून तुटेपर्यंत काढत नसत. ज्यांच्या फॉर्मवर आजार लिहिलेला असे त्यांचा सोलो मात्र तळाच्या शेडजवळ, शिक्षकांच्या नजरेसमोर. त्यांना दोरी मिळे, पण मुलं त्यांना ‘हाफ-सोलो’ म्हणत. आदल्या वर्षी एका मुलीला मीसुद्धा म्हटलं होतं.

फॉर्मवर दमा आहे का, या प्रश्नासमोर मी ‘नाही’वर खूण केली. तो कागद लायब्ररीच्या आणि दंतवैद्याच्या कागदांमध्ये सरकवला आणि आई पोळ्या लाटत असताना तिच्यापुढे धरला. तिने पिठाचा हात पदराला पुसून तिन्हींवर सही केली. निघायच्या दिवशी तिने पंप माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात स्वतः ठेवला. शाळेत बॅगा तपासणार होते. म्हणून लिफ्टपाशी जायच्या आधी, कॉरिडॉरमध्ये बूट घालायला वाकले तेव्हा मी तो काढला आणि मांडणीतल्या माझ्या जुन्या कॅनव्हास बुटात खोल सारला. चिवड्याचा डबा तेवढा राहू दिला. तो शाळेत शिक्षकांनी काढून घेतला.

कॅम्पचे पहिले दोन दिवस कयाक, दोर, चिखल यांत गेले. माझी मैत्रीण वेई लिंग माझ्याच गटात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी फरीद नावाचे एक तरुण प्रशिक्षक आम्हाला एकेक करून जागेवर सोडत गेले. सायकलींसाठी ठेवलेल्या कच्च्या रस्त्याच्या कडेला, झाडीत पंधरा-वीस पावलं आत अशा आमच्या जागा होत्या. रस्त्यावरच्या झाडाला प्रत्येकीची रंगीत फीत. “काही लागलं तर तीनदा शिट्टी,” फरीद म्हणाले, “आणि मी दर तासाला रस्त्यावरून चक्कर मारीन. तुझ्याशी बोलणार नाही. फक्त बघून जाईन.” त्यांच्या बुटांचा आवाज गेला आणि मी एकटी झाले.

पहिला तास मला फार आवडला, हे आजही आठवतं. किड्यांचा आवाज इतका सलग होता की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा झाला. समुद्राच्या बाजूने बोटीची फटफट यायची, आणि डोक्यावरून चांगीला उतरणारी विमानं एवढी खाली की चाकं दिसत. मी ताडपत्री बांधली, बूट शेजारी शेजारी ठेवले, वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहिलं. कुणाची मुलगी नाही, कुणाची विद्यार्थिनी नाही, असं काहीतरी लिहिल्याचं आठवतं. तेवढ्यात रस्त्यावर सायकलची घंटी वाजली.

बाबा होते. पुढे जाळीची टोपली असलेली भाड्याची सायकल, ऑफिसचा शर्ट, पाठीला घामाचा मोठा डाग. प्रत्येक फितीपाशी थांबून ते हलक्या आवाजात “मनू” अशी हाक मारत होते. माझ्या फितीपाशीही मारली. मी ताडपत्रीच्या मागे सरकले आणि गुडघ्यांत डोकं घालून बसले. त्यांना का यावं लागलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी दर शनिवारी बूट पांढरे करायचं विसरते म्हणून ते काम बाबा करत. मी घरी नाही तर जुना जोडही करून ठेवू म्हणून त्यांनी बूट हातात घेतला आणि आत पंप सापडला. आईला सांगितलं असतं तर ती रडत बसली असती, शाळेला फोन केला असता तर माझी खोटी खूण उघडी पडली असती. म्हणून त्यांनी रजा टाकली, फ्रीजवर लावलेल्या कॅम्पच्या पत्रकावर मी एकटी असण्याचा दिवस बघितला, एमआरटीची मेट्रो, मग बस, मग चांगीच्या धक्क्यावरून बोट, असं करत ते आले होते. हे सगळं मी नंतर जोडत गेले. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की माझा दिवस यांनी घेतला, आणि वेई लिंगने किंवा आणखी कुणी बघितलं तर कँटीनमध्ये माझी नक्कल होईल.

ते पुढे गेले. मला वाटलं, सुटले. पण अर्ध्या तासाने ते परत आले, या वेळी सायकल हातात धरून चालत, दोन्ही बाजूंना बघत. माझी लाल बाटली त्यांना दिसली असावी. त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि झाडीत एक पाऊल टाकलं. “मनू, अगं पंप राहिला ना तुझा,” असं ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, डबा विसरल्यासारखं. त्यांच्या चेहऱ्यावर मला बघून जो आनंद झाला होता तो मी अजून विसरू शकलेले नाही. मी मान हलवली. नाही, नाही, जा. तेवढ्यात वळणावरून फरीद आले.

“हॅलो अंकल,” फरीद म्हणाले. “रस्ता चुकलात का? इथे शाळेचा ग्रुप आहे.”

बाबा थांबले. त्यांचा हात पँटच्या खिशात होता. ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय सांगते याची ते वाट बघत होते. फरीदांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मानसी, तू यांना ओळखतेस?”

“नाही,” मी इंग्रजीत म्हणाले.

तिथे थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण फरीद अजून बघत होते आणि मला वाटलं, त्यांचा विश्वास बसलेला नाही. म्हणून कुणी विचारलेलं नसताना मी पुढे म्हणाले, “मघापासून ते इथे फेऱ्या मारतायत. मला भीती वाटतेय.”

फरीदांचा आवाज बदलला. ते बाबांच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले. “अंकल, या बाजूला फक्त मुली आहेत. तुम्ही इथे थांबू शकत नाही. प्लीज, आत्ताच निघा.” बाबा त्यांच्यापेक्षा वयाने दुप्पट होते. मी बाबांचं तोंड बघितलं. ते आधी लाल झालं, मग त्यावर काहीच उरलं नाही. “सॉरी बॉस,” ते म्हणाले. “सॉरी, सॉरी. मी जेट्टी शोधत होतो. मला वाटलं, या बाजूला आहे.”

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. तो वाजला नव्हता, त्यांनी कुणाचा नंबरही लावला नव्हता. ते मराठीत बोलू लागले. “हां, ऐक. घाबरू नकोस. ते रस्त्याच्या कडेला मोठ्या दगडामागे ठेवतोय, पांढऱ्या पिशवीत. श्वास लागला तर लगेच दोन पफ घे, उगाच थांबू नकोस. मी कुणाला काही सांगत नाही. आईलाही नाही. ठेवतो.” फरीद शिष्टाचार म्हणून फोन संपेपर्यंत थांबले. बाबा सायकल घेऊन चार पावलं गेले, सँडलचा पट्टा लावायला दगडापाशी वाकले, उठले. परत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फरीद वळणापर्यंत त्यांच्या मागे चालत गेले.

दुपारी चारच्या सुमाराला पाऊस आला. ताडपत्रीवर इतका जोरात की किडेही गप्प झाले. पाऊस थांबल्यावर जमिनीतून कुजलेल्या पानांचा वास उठला आणि माझ्या छातीत शिट्टी वाजू लागली. मी बराच वेळ ताठ बसून राहिले. गळ्यातली शिट्टी हातात घेतली आणि सोडली. मग लाल दोरी ओलांडून रस्त्यावर गेले. दगडामागे पिशवी होती, गाठ मारून, आत पाणी जाऊ नये म्हणून दुसऱ्या पिशवीत गुंडाळलेली. त्यात बाबांच्या रुमालात पंप. मी रस्त्यावरच दोन पफ घेतले आणि कुणी बघायच्या आत परत येऊन रिंगणात बसले. बाकीच्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी झोपले, चांगली झोपले.

सकाळी फरीद मला न्यायला आले. “तो माणूस परत नाही ना आला?” त्यांनी विचारलं. “मी जेट्टीवर बोटवाल्यांना सांगून ठेवलं होतं, त्याच्यावर लक्ष ठेवा म्हणून. म्हणाले, शेवटच्या बोटीपर्यंत तिथेच बाकावर बसून होता. विचित्रच.” मी त्यांना थँक यू म्हणाले. शेवटच्या बोटीपर्यंत, म्हणजे तो सगळा पाऊस पडून गेल्यावरही.

घरी दार बाबांनीच उघडलं. “आलीस?” म्हणाले आणि बॅग घेतली. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “तिचं ते झालं नाही ना?” “नाही,” मी आणि बाबा एकदमच म्हणालो. आईने वरणभात, तूप, बटाट्याच्या काचऱ्या केल्या होत्या. मी तीनदा भात घेतला. पंप मी खणात मेणबत्त्यांशेजारी ठेवून दिला. रुमाल मी धुतला, वाळवला आणि त्यांच्या कपाटात इतर रुमालांच्या खाली घातला. त्यावर एक शब्द आम्ही बोललो नाही. बाबा माझ्याशी पूर्वीसारखेच वागत होते, काया टोस्ट आणत होते. फक्त पाठीला कान लावायचं त्यांनी सोडलं. आईने सांगितलं तरी ते म्हणत, “तिला विचार की. मोठी झालीय.”

तीन आठवड्यांनी शाळेत पालकांसाठी कार्यक्रम होता. दोऱ्या द्यायच्या होत्या आणि सोलोच्या वहीतलं एकेक पान काही जणांनी वाचायचं होतं. माझं पान निवडलं गेलं होतं. कॅम्पचे प्रशिक्षकही येणार होते. आदल्या संध्याकाळी बाबा हॉलमध्ये निळा शर्ट इस्त्री करत होते. आई खाली दुकानात गेली होती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, या वेळी मराठीत म्हणाले, “बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

ते कॉलर करत होते. ती पूर्ण केली, मग इस्त्रीचं बटण बंद केलं. “मला तसंही काम आहे उद्या,” ते म्हणाले. “आईला सांगतो.” आणि तो शर्ट हँगरला लावून त्यांनी कपाटात ठेवला.

बेटावर मी घाबरले होते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. पंधरा वर्षांची मुलगी, अचानक प्रश्न आला, तोंडातून निघून गेलं. पण त्या संध्याकाळी मी घाबरलेली नव्हते. दोन दिवस विचार करून, वाक्य जुळवून, आई घरात नसल्याची वेळ बघून गेले होते. आणि ते ‘काम आहे’ म्हणाले तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कॉलेजात असताना एकदा ईस्ट कोस्टला चालताना मी विषय काढायचा प्रयत्न केला होता. “बाबा, त्या उबिनच्या वेळी...” एवढंच म्हणाले. ते म्हणाले, “नारळपाणी घेऊ या का? ऊन फार आहे,” आणि रांगेत जाऊन उभे राहिले. मला माफी मागावी लागू नये म्हणून ते टाळत होते, की ऐकायला त्रास होईल म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता ते पुण्यात असतात. रविवारी फोन करतात, पाण्याच्या टाकीबद्दल बोलतात. मीही टाकीबद्दल बोलते.

कार्यक्रमाला आई एकटी आली, मोरपंखी साडी नेसून. मी माझं पान वाचलं. टाळ्या झाल्या. मनगटाला दोरी बांधून घेऊन मी खाली आले तेव्हा फरीद आईशी बोलत होते. “आंटी, तुमची मुलगी फार धीट आहे. तिथे एक विचित्र माणूस फिरत होता, पण ती घाबरून ओरडली नाही. शांतपणे मला सांगितलं.” आईचा चेहरा पांढरा पडला. बसमध्ये तिने माझा हात सोडला नाही. “मला का नाही सांगितलंस ग?” एवढंच ती परत परत विचारत होती.

बाबा घरी आमच्यासाठी जेवायचे थांबले होते. आईने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. “ऐकलंत का? जंगलात कुणीतरी मेला मवाली होता म्हणे. मुलींच्या भोवती फेऱ्या मारत होता. हिने लगेच त्या सरांना सांगितलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं? आणि घरी येऊन एक अक्षर बोलली नाही ही.”

बाबांनी ग्लासात पाणी ओतलं आणि आईच्या पुढे ठेवलं. “असतात असे लोक,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तू लगेच सांगितलंस ना? बरोबर केलंस.”

“बरोबर काय केलंस? तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?” आई म्हणाली.

“वाटतं ना. पण आता सुखरूप आहे ती.” त्यांनी खुर्ची ओढली. “कसं झालं वाचन?”

आई जरा शांत झाली. पाणी प्यायली. “सगळ्यांत चांगलं हिचंच झालं,” ती म्हणाली. “वाच ग बाबांना. त्यांना यायला मिळालं नाही.”

मी म्हणाले, नंतर वाचीन. आई म्हणाली, आत्ता वाच. बाबा म्हणाले, “वाच की,” आणि त्यांनी पंखा बारीक केला, कागद उडू नये म्हणून. मी उभी राहिले आणि वाचलं. पूर्ण दिवस मला कुणी भेटलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. मला कुणाची गरज लागली नाही, असंही लिहिलं होतं. माझा आवाज एकदाही कापला नाही. बाबा मांडीवर हात ठेवून, शाळेच्या सभागृहात बसल्यासारखे, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत होते, आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.